मुळीची परीक्षा

सेवाग्रामच्या काळात गांधीजींचा रक्तदाब वारंवार चढे. या दुखण्यावर पुढे जगभर गाजलेली सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यांच्या जुन्या ओळखीची. रुग्णांवर तिची रीतसर परीक्षा मात्र मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम वकील यांनी घेतली आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. मग कळलं, मात्रा वाढली की तेच मन खचवू शकतं! ‘झाडपाल्यानं अपाय होत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

अशी परीक्षा पुढे न्यायची सोय जवळच आहे: सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय, सालोडला आयुर्वेदाचं. दोन्ही आपल्या वर्धा जिल्ह्यातच. सर्पगंधेच्या अर्काची प्रत्येक खेप सारखी उतरते का, एवढा प्रश्न तरी दोघांनी मिळून हाती घ्यावा. मूळ कुठल्या मातीतून, कुठल्या ऋतूत खणलं, त्यावर त्यातलं औषध कमीजास्त होतं.