तीन महिन्यांची अट

2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी जन्मदात्रीची पगारी रजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली. दत्तक घेणाऱ्या आईच्या वाट्याला आले 12 आठवडे, तेही बाळ तीन महिन्यांहून लहान असेल तरच. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ही अट तशीच उचलली होती; 2026 पर्यंत ती कायद्यात होती.

आता दत्तकाचा कायदा पाहा. मूल सोपवणाऱ्या आईवडिलांना फेरविचारासाठी 60 दिवस असतात. त्यानंतर बालकल्याण समितीचा आदेश, मग ‘कारा’ची प्रतीक्षायादी, वैद्यकीय अहवाल, कागदपत्रे. एवढे होईतो बाळ तीन महिन्यांचे कुठले राहायला!

प्रसूतीच नाही तर रजा कशाला, असे विचारले जाते. शरीर सावरायला नको, हे खरे. पण संस्थेत बाळाला पाळीपाळीने अनेक हात सांभाळतात. नव्या घरात दूध, झोप, वास, आवाज सगळेच बदलते. एका माणसाची सवय लागायला सलग दिवस हवेत, आणि कळत्या मुलाला तान्ह्यापेक्षा अनेकदा जास्तच.

केंद्र सरकारी नोकरीतल्या महिलेला एक वर्षाखालील दत्तक मुलासाठी 180 दिवसांची रजा आहे, वडिलांना 15 दिवसांची. खासगी नोकरीतल्या बापासाठी मात्र कायद्यात एकही दिवस नाही.