भिंतीवरची तलवार आणि बहिणीचा हिस्सा



घरातला कर्ता माणूस गेला की जमीन, दागिने, बँकेतली रक्कम यांची मोजदाद होते. काही वस्तूंची किंमत मात्र घरात कोणालाच ठाऊक नसते. जपानी तलवार ही त्यांतलीच. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढलेल्या फौजेत मराठा पलटणींसह हिंदी सैनिक मोठ्या संख्येने होते. १२ सप्टेंबर १९४५ रोजी सिंगापूरला शरणागतीचा समारंभ झाला. त्या सुमारास जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी हवाली केल्या आणि त्यांतल्या कितीतरी आठवण म्हणून विजेत्यांच्या घरी गेल्या. ब्रिटन-अमेरिकेत आज त्या नातवंडांच्या हाती आहेत. आपल्याकडेही एखाद्या फौजी घराच्या पेटीत अशी तलवार असू शकते.

अशी तलवार निघाली की भाऊ म्हणतात, "हे मर्दांचं हत्यार, बहिणींना काय करायचंय?" नाहीतर भंगारवाला चार पैसे देऊन घेऊन जातो. दोन्हीकडे कोणाचा तरी हक्क बुडतो.

आधी ओळख करून घेऊ. युद्धकाळात लष्करासाठी पुष्कळ तलवारी घाऊक प्रमाणात बनल्या. त्यांना संग्राहकांत मागणी असली तरी त्या हस्तकलेचा नमुना मानल्या जात नाहीत. त्यांची नोंदणी जपानमध्येही होत नाही. पण काही अधिकाऱ्यांनी घराण्यातले शेकडो वर्षांचे पातेच लष्करी मुठीत बसवून घेतले होते. म्यान आणि मूठ दोन्हींची सारखीच, किंमत मात्र जमीन-अस्मानाची. म्हणून वरच्या साजावरून भाव ठरवू नये.

खरी ओळख मुठीच्या आत असते. पात्याचा जो भाग मुठीत जातो, त्याला जपानीत नाकागो म्हणतात. कारागिराची सही बहुधा तिथेच कोरलेली असते. तिथला काळसर गंज पाहून जाणकार वयाचा अंदाज बांधतात. तो गंज कोणी घासून काढला तर पुरावाच पुसला जातो आणि किंमत घसरते. नुसत्या सहीवरही विसंबू नये, कारण नामवंत कारागिरांच्या खोट्या सह्या पूर्वीपासून होत आल्या आहेत. लांबीचाही हिशेब असतो. साधारण ६० सेंटिमीटरच्या वरचे पाते ते कताना, ३० ते ६० मधले वाकिझाशी आणि त्याहून आखूड ते तांतो.

तेव्हा चिंच, राख, पॉलिश पेपर काही लावू नका. धार लावून घेऊ नका. उघड्या पात्याला बोट लावू नका, घामाने गंज चढतो. संपूर्ण पाते, टोक आणि म्यान यांचे स्वच्छ फोटो काढा. मूठ जाणकाराकडूनच उतरवून घ्या आणि आतल्या भागाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. आजोबांची फौजेची कागदपत्रे, जुनी पत्रे, छायाचित्रे तलवारीसोबतच जपा. किंमत एकाच व्यापाऱ्याला विचारू नका. जो विकत घेणार, त्याच्याच तोंडून भाव ऐकणे शहाणपणाचे नाही. जपानमध्ये १९४८ साली स्थापन झालेली निप्पॉन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई ही संस्था तलवारी पारखून प्रमाणपत्र देते. मात्र आपल्याकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. शस्त्र कायदाही आहे. म्हणून ठेवण्यापूर्वी वा विकण्यापूर्वी वकिलाला आणि पोलीस ठाण्याला विचारून घ्या.

आता वाटणीचे. आजोबांनी धडधाकट असताना तलवार एखाद्या नातवाला हिबा करून ताब्यात दिली असेल, तर ती त्याची झाली. "तुलाच देईन" एवढेच म्हणाले असतील आणि ती शेवटपर्यंत त्यांच्याच कपाटात राहिली असेल, तर तो हिबा पुरा झाला नाही. ती तरक्यात आली. दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत भागल्यावर उरलेल्या मालमत्तेत विधवेचा आणि मुलींचा हिस्सा ठरलेला आहे. वस्तू हत्यार आहे म्हणून तो कमी होत नाही.

तलवारीचे तुकडे करून वाटणी होत नाही. एकतर ती विकून रक्कम हिश्शाप्रमाणे वाटावी, किंवा ज्याला आठवण म्हणून हवी त्याने ठरलेल्या किमतीप्रमाणे इतरांचे हिस्से चुकते करावेत. बहिणीने खुशीने सोडला तर गोष्ट वेगळी. पण खुशीने सोडायलाही तिला आधी किंमत कळली पाहिजे. ती किंमत कागदावर लिहून सर्वांसमोर वाचून दाखवा आणि मगच पुढचे बोला.