बांधणारे खूप, सांभाळणारा कोण?

मंडळी, दौलताबादचा किल्ला कुणी बांधला ते आपण पटकन सांगतो. खंदकातला गाळ कोण काढायचं, ते कुणाला ठाऊक? ओपन सोर्सचंही तसंच.

मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली. लासे कॉलिन हा माणूस वर्षानुवर्षं जवळपास एकटाच, बिनपगारी, ते सांभाळत होता; थकला होता. ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी दोनेक वर्षं मदत करत विश्वास कमावला, मेंटेनर झाला आणि घात केला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंडला खटकलं म्हणून जग वाचलं!

आपल्याकडे बघा. मराठीतले ल आणि श हिंदीहून वेगळे, ‘दुसऱ्या’तला र वेगळा. लोहित, मुक्तासारखे ओपन सोर्स फॉन्ट फुकट मिळतात, पण असले बारकावे कुणीतरी बसून तपासावेच लागतात.

संभाजीनगरच्या इंजिनिअरिंगच्या पोरांनो, दरवेळी नवं ॲप कशाला? चालू असलेला एखादा छोटा प्रोजेक्ट धरा. आधी लोकांच्या तक्रारी वाचा, ती चूक आपल्या मशीनवर होते का बघा, मग हात घाला. चाव्या मागू नका, काम दिसलं की मिळतात. पगार नाही, वर बोलणी खावी लागतील, हेही सांगून ठेवतो.

आणि कॉलेजवाल्यांनो, शेवटच्या वर्षाला विकतचे प्रोजेक्ट चालतात, मग या कामाला मार्क द्यायला काय हरकत आहे?