निराळा पेला

आनंदीबाई जोशी ह्यांचें नांव आमच्या वाचकांस नवें नाहीं. इ. स. १८८६ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी संपादून ह्या विदुषी स्वदेशीं परतल्या, आणि पुढल्याच वर्षीं, २६ फेब्रुवारी रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्याच्या आंत पुणें येथें क्षयरोगानें निवर्तल्या. त्यापूर्वीं पांच वर्षें, म्हणजे २४ मार्च १८८२ रोजीं, रॉबर्ट कॉख ह्या शास्त्रज्ञानें क्षयाचा जंतु आपणांस सांपडल्याचें बर्लिन येथें जाहीर केलें होतें. शत्रूची ओळख पटली होती. परंतु त्यास मारावयाचें शस्त्र कोणापाशींच नव्हतें. स्वतः डॉक्टर असूनही आनंदीबाईंस औषध मिळालें नाहीं, कारण तें अद्याप जगांतच नव्हतें.

आज तें शस्त्र आहे. सरकारी दवाखान्यांत तें विनामूल्यही मिळतें. असें असतां इ. स. २०२४ ह्या एका वर्षांत जगांतील सुमारें एक कोटि सात लक्ष माणसांस क्षयानें गांठलें व बारा लक्षांहून अधिक माणसें त्यानें मृत्यु पावलीं. ह्या रोग्यांपैकीं सुमारें चतुर्थांश एकट्या हिंदुस्थानांतील होते. औषध असून माणसें मरतात तीं कां? ह्या प्रश्नाचें एक उत्तर आम्हांस आमच्याच वसतिगृहांत, पाण्याच्या माठाजवळ, सांपडलें. तें सांगण्यापूर्वीं थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे.

औषध नव्हतें त्या काळीं क्षयरोग्यास उघडी हवा, पूर्ण विश्रांति व सकस अन्न हाच काय तो आधार होता. त्यासाठीं गांवापासून दूर आरोग्यधामें बांधीत. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलाचे संस्थापक डॉ. विल्यम वानलेस ह्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या वानलेसवाडीस असेंच एक आरोग्यधाम होतें. ह्या संस्थांनीं पुष्कळांची सेवा केली, ह्यांत संशय नाहीं. परंतु रोगी लक्षावधि आणि खाटा थोड्या. शिवाय रोग्यास दूर नेण्याच्या ह्या चालीनें समाजाच्या मनांत एक समजूत खोल रुजली, ती ही कीं क्षय झालेला मनुष्य घरांतून उठवून लांब ठेवावयाचा असतो.

पुढें इ. स. १९४३ त स्ट्रेप्टोमायसीन ह्या औषधाचा शोध लागला. रोगी प्रथम झपाट्यानें सुधारत. पण कांहीं महिन्यांत जंतु त्या औषधास जुमानीनासे होत व पुष्कळांचा रोग उलटे. दोन औषधें एकत्र दिलीं असतां जंतूंस हा डाव साधत नाहीं, हें लवकरच कळून आलें. इ. स. १९५२ त आयसोनिआझिड ही स्वस्त गोळी उपलब्ध झाली, आणि गरिबांच्याही घरीं आशा आली.

आतां असा प्रश्न पडला कीं, गोळ्या जर घरीं बसून घेतां येतात, तर आरोग्यधामाची गरज ती कोणती? इ. स. १९५६ त मद्रास येथें ह्या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठीं एक प्रयोग आरंभिला गेला. शहरांतील गरीब वस्तींतल्या सुमारें दोनशें रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें विभागणी केली. अर्धे आरोग्यधामांत ठेविले, अर्धे आपापल्या घरीं राहिले. औषधें दोघांसही तींच. आरोग्यधामांतल्यांस चांगलें अन्न, हवा व विश्रांति. घरच्यांस दाटीची खोली, अपुरें अन्न आणि रोजची दगदग. एका वर्षाअखेर आरोग्यधामांतील शेंकडा ९२ रोग्यांचा रोग शमला होता, आणि घरच्यांपैकीं शेंकडा ८६ जणांचा. इतक्या विषम स्थितींत इतका थोडा फरक पडावा, हें पाहून जगांतील वैद्य चकित झाले. ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. दोन्ही प्रकारच्या रोग्यांच्या घरच्या माणसांवर पांच वर्षें नजर ठेविली, तेव्हां असें दिसलें कीं, औषध घेणारा रोगी घरांत राहिल्यामुळें त्याच्या बायकामुलांस रोग अधिक झाला नाहीं. जो संसर्ग व्हावयाचा तो बहुतेक रोग ओळखला जाण्यापूर्वींच होऊन गेलेला असतो. औषध लागू पडूं लागलें कीं रोग्यापासून असलेला धोका झपाट्यानें ओसरतो.

आतां त्या माठाची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं वसतिगृहांतील एका विद्यार्थ्यास क्षय झाला. सहा महिन्यांचा औषधोपचार पुरा करून, डॉक्टरांचा दाखला घेऊन, तो परत आला. दुसऱ्या दिवशीं माठाजवळ एक निराळा पेला दिसूं लागला. तो कोणीं ठेविला हें आम्हीं विचारलें नाहीं. तो कोणासाठीं आहे हें मात्र सर्वांस ठाऊक होतें, आणि आम्हांपैकीं एकानेंही तो उचलून फडताळांत ठेविला नाहीं. त्या मुलानें कधीं तक्रार केली नाहीं. तो त्या पेल्यानें पाणी पीत राहिला, आणि सहामाही परीक्षा होतांच दुसऱ्या शाळेंत निघून गेला. त्याच वर्षीं पावसाळ्यांत आमचा दुसरा एक सोबती तीन आठवडे खोकत होता. रात्रीं खोकला येई तेव्हां तो उशींत तोंड खुपसी. विचारलें असतां "थंडी बाधली" म्हणे. अखेर मास्तरांनीं बळेंच दवाखान्यांत नेलें, तेव्हां तोही क्षयच ठरला. इतके दिवस कां लपविलेंस, असें विचारतां तो एवढेंच बोलला, "मला तो पेला नको होता."

वाचकहो, हें वाक्य आम्ही विसरूं शकत नाहीं. क्षय हवेंतून पसरतो. रोगी खोकतो त्या वेळीं उडणाऱ्या सूक्ष्म कणांवाटे तो दुसऱ्याच्या फुफ्फुसांत शिरतो. भांड्यांतून तो पसरत नाहीं. म्हणजे त्या पेल्यानें एकाही जंतूस अडविलें नाहीं. त्यानें केलें तें इतकेंच कीं, एका मुलास खोकला लपवावयास शिकविलें, आणि तीन आठवडे त्याच खोलींत, पावसामुळें खिडक्या लावून घेऊन, आम्ही सारे झोंपत होतों.

कांहीं पालक म्हणतील, "आमच्या मुलांची काळजी आम्हीं घ्यावयाची नाहीं काय?" अवश्य घ्यावी. भीति खोटी नाहीं. ती चुकीच्या ठिकाणीं लाविलेली आहे. ज्यास सर्व ओळखतात व जो नेमानें औषध घेतो त्याला भिण्याचें कारण थोडें; ज्याचा खोकला कोणींच तपासला नाहीं त्याचेंच भय खरें. हल्लीं थुंकीची तपासणी करणारें असें यंत्र निघालें आहे कीं, तें सुमारें दोन तासांत निकाल देतें. तेव्हां दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास तपासणी करणें, खोकतांना तोंडावर रुमाल धरणें आणि खिडक्या उघड्या टाकणें, हीच खरी काळजी होय. मुलीच्या लग्नांत अडथळा येईल म्हणून तिचा रोग लपविणारीं घरेंही आम्हीं पाहिलीं आहेत. अशा घरीं अब्रू राहते आणि मुलगी जाते.

औषधाप्रमाणेंच अन्नाचाही विचार केला पाहिजे. मद्रासच्या प्रयोगाचा अर्थ रोग्यास अन्न नको असा कोणीं करूं नये. झारखंडांत २८०० रोग्यांच्या घरीं झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष इ. स. २०२३ त प्रसिद्ध झाला. तेथें रोग्यांस तर शिधा दिलाच. पण निम्म्या भागांत त्यांच्या घरच्या माणसांसही तांदूळ, डाळ इत्यादि अधिक शिधा दिला. ह्या घरांतील माणसांस नवा क्षय होण्याचें प्रमाण शेंकडा सुमारें ४० नीं कमी झालें. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्यांचें वजन वाढलें त्यांच्यांत मृत्यूही पुष्कळ कमी झाले. सरकार रोग्यास पोषणासाठीं दरमहा रक्कम देतें. नोव्हेंबर १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, नोव्हेंबर २०२४ पासून, ती ५०० रुपयांवरून १००० रुपये झाली. आपला निराळा पेला आणि हा भरलेला शिधा, ह्यांतील अंतर किती आहे तें पाहावें.

राहिली औषध पुरें करण्याची गोष्ट. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दुसऱ्या महिन्यांत ताप जातो, भूक लागते, आणि "आतां बरें आहे" म्हणून रोगी गोळ्या सोडतो. उरलेले चिवट जंतु मग पुन्हां माजतात आणि औषधांस दाद देईनासे होतात. अशा रोगावर पूर्वीं जीं इंजेक्शनें देत त्यांनीं कित्येकांचे कान गेले. मुंबईच्या पत्रकार नंदिता व्यंकटेशन ह्यांची श्रवणशक्ति अशीच गेली. त्यांनीं दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले ह्यांच्यासह, बेडाक्विलिन ह्या नव्या औषधावरील मक्तेदारी लांबविण्यास पेटंट कचेरींत हरकत घेतली, आणि मार्च २०२३ त त्यांचें म्हणणें मान्य झालें. आतां अशा रोग्यांपैकीं पुष्कळांस इंजेक्शनावांचून, केवळ गोळ्यांनीं, सहा महिन्यांत बरें करितां येतें. ज्यांस समाजानें दूर बसविलें असतें, त्यांनींच समाजाचें हें काम केलें!

आनंदीबाईंच्या काळीं उणीव औषधाची होती. आज उणीव आहे ती शेजाऱ्याची. गोळी घेतलीस काय, असें रोज विचारणारा सोबती, दवाखान्यापर्यंत बरोबर येणारा भाऊ, पानावर एक वाटी वरण अधिक वाढणारी आई, ह्यांवांचून कॉखची कीर्ति व मद्रासचा प्रयोग आमच्या उपयोगी पडावयाचा नाहीं. वसतिगृहांतील माठाजवळ आतां सर्व पेले सारखे आहेत. तो निराळा पेला आम्हीं उचलला खरा, पण ज्याच्यासाठीं तो ठेविला होता तो मुलगा निघून गेल्यावर. पुढल्या वेळीं इतका उशीर होऊं नये, एवढीच आमची विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस विनंति आहे.