ओसरीवर लाल रेघ

वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला मी आहे. कोकणातल्या एका घराच्या नकाशात मी पश्चिमेला ओसरी काढली, तर प्राध्यापकमहाशयांनी तिच्यावर लाल पेन्सिल ओढली. “हे आजोबांचे झाले. तुझे स्वतःचे काय?” माझ्या शेजाऱ्याने काचेची पेटी उभी केली होती, ती मात्र ‘स्वतंत्र प्रतिभा’ ठरली! मुंबई-पुण्याच्या हमरस्त्यांवर तसल्या पेट्यांची रांग लागली आहे, त्याचे काय? शेजारची नक्कल केली की नवे आणि आजोबांची केली की जुनाट, हा कुठला न्याय? वाचकहो, त्या पेटीला आकाशकंदील तरी कुठे टांगाल?

मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो. दुपारचे ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी त्यावर व्हरांड्याचा उपाय काढला. चार्ल्स कोरिया यांनी तोच १९८३ साली पुऱ्या झालेल्या ‘कांचनजंगा’च्या २८ मजल्यांवर चढवला, व्हरांड्याच्या जागी कोपऱ्याकोपऱ्यात दोन मजले उंचीच्या, झाडे लावण्याजोग्या गच्च्या आल्या. याला नक्कल म्हणायची कोणाची छाती आहे?

वाड्याची महिरप सिमेंटात ओतून दाराला चिकटवणाऱ्यांचीही मला तितकीच चीड आहे. तो भाड्याने आणलेला फेटा!

माझी ओसरी मात्र मी आजोळाहून जशीच्या तशी उचलली होती, हे कबूल. आजोबा तिथे सुपारी सोलायला बसत. या घरच्या बाईंना शिवणयंत्र ठेवायचे आहे. म्हणून ती दोन हात रुंद केली, छपराची कड खाली ओढली. सोमवारी नकाशा पुन्हा दाखवायचा आहे.