तेल उरले किती?

सुरतेहून उत्तरेस सुमारे 50 किलोमीटरवर, नर्मदेच्या दक्षिणेस अंकलेश्वर आहे. 1960 मध्ये तेथे तेल लागले आणि पंडित नेहरूंनी त्या पहिल्या विहिरीस ‘वसुधारा’ असे नाव दिले. दोनच वर्षांपूर्वी खंभातनजीक लुणेज येथे तेल सापडले होते. पाश्चात्त्य कंपन्या साशंक असताना केशवदेव मालवीय यांनी सोव्हिएत तज्ज्ञांच्या साहाय्याने चालविलेल्या सरकारी तेलशोधाचे हे पहिले मोठे यश होय. साठाहून अधिक वर्षांच्या उपशानंतर आता या भूमीच्या पोटात किती तेल उरले, हा प्रश्न विचारावयास हवा. त्याचे उत्तर एका आकड्यात मागणे मात्र भाबडेपणाचे आहे.

सुरतेच्या धनिकांची बित्तंबातमी बहिर्जी नाइकांनी आधीच आणली होती, असे परंपरा सांगते. खडकाच्या पोटातील बातमी आणणारा हेर एकच, तो म्हणजे खोदलेली विहीर. आणि तीही आपल्या भोवतालापुरतेच सांगते. तेल हे तळघरातील हौदात साठलेले नसते, वालुकाश्माच्या सूक्ष्म छिद्रांत ते मुरलेले असते. थराचा विस्तार, जाडी, सच्छिद्रता व छिद्रांतील तेलाचे प्रमाण यांचा गुणाकार करून मूळ साठा काढतात. या चारही राशी अंदाजाच्या! शिवाय साठा म्हणजे हाती येणारे तेल नव्हे. सर्वसाधारणपणे त्याचा एक तृतीयांश भाग वर येतो, बाकीचा खडक सोडत नाही. नैसर्गिक दाब ओसरला की पाणी दाबून तेल ढकलावे लागते, आणि मग पुष्कळ जुन्या विहिरींतून तेलापेक्षा पाणीच अधिक येऊ लागते.

जुन्या क्षेत्रांत दरसालच्या घटत्या उत्पादनाची रेषा पुढे वाढवून उर्वरित तेल ठरविण्याची रीत आहे. ही रेषा जेथे खर्च उत्पन्नाहून जास्त होतो तेथे थांबते. म्हणजे भाव वाढले की ‘साठा’ वाढतो आणि भाव कोसळले की आटतो. जमिनीखाली थेंबभरही हालचाल झालेली नसते. तेव्हा मंत्रिमहोदय साठा वाढल्याची घोषणा करतात त्या वेळी नवे तेल सापडले की जुनाच हिशेब नव्या भावाने मांडला, हे जनतेने विचारलेच पाहिजे.

आमच्या किनाऱ्यास हा प्रश्न परका नाही. 1974 मध्ये सापडलेल्या मुंबई हायचे उत्पादन 1989-90 च्या सुमारास शिखरावर पोहोचले व पुढे घसरले. घाईने उपसा केल्याचा आक्षेपही घेतला गेला. पुढे पुनर्विकासावर मोठा खर्च झाला आणि जानेवारी 2025 मध्ये उत्पादन वाढविण्यासाठी ब्रिटिश कंपनी बीपीची तांत्रिक भागीदार म्हणून निवड झाली. परकीयांच्या साशंकतेवर मात करून उभ्या राहिलेल्या संस्थेस हे करावे लागले यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. उशीर झाला, एवढेच म्हणावयाचे.

तापीच्या मुखाशी हजिरा येथे हे सारे एकत्र दिसते. आमच्या वसईच्या समुद्रातील वायू तेथेच उतरतो, त्यावर खत कारखाना चालतो, आणि 2005 पासून परदेशी द्रवरूप वायूची जहाजेही तेथेच लागतात. सुरतेच्या परिसरात पोट भरणारे खानदेशी मराठी बांधव हजारोंनी आहेत. त्यांचे काम किती वर्षे टिकेल याचा हिशेब या आकड्यांत दडलेला आहे. देश 85 टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करीत असताना फुगविलेला अंदाज हा केवळ कागदावरचा दोष राहत नाही.

1993 मध्ये स्थापन झालेल्या हायड्रोकार्बन महासंचालनालयाने अंकलेश्वरसारख्या प्रत्येक जुन्या क्षेत्राचे सिद्ध, संभाव्य व शक्य साठे वेगवेगळे, गृहीत धरलेल्या भावासह आणि दहा वर्षांपूर्वीच्या अंदाजाशेजारी मांडून दरवर्षी संसदेपुढे ठेवावेत, अशी आमची मागणी आहे. आधीचा अंदाज कितपत खरा ठरला हे त्यावरून कोणासही पडताळता येईल.