गिरणीचे गाव पायी पाहावे

सकाळी फिरायला जा म्हटले की पेशंट मान डोलावतो आणि पंधरा दिवसांनी येऊन ‘डॉक्टर, कंटाळा येतो’ म्हणतो. त्याचे काही चुकत नाही. शाळेच्या मैदानाला तेच ते फेरे मारण्यात मन किती दिवस रमणार? म्हणून मी हल्ली वेगळे औषध सुचवतो. एखाद्या रविवारी गाडीत बसा, एखाद्या जुन्या गिरणीच्या गावी उतरा आणि ते गाव पायी पाहा. चिंचपाड्याच्या माणसाला त्यासाठी गाडी बदलायचीही गरज नाही. आपल्याच सुरत-भुसावळ लाईनवर नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा मागे पडले की अमळनेर येते.

(हा सल्ला किराणा आणायलाही मोटारसायकल काढणाऱ्यांसाठी आहे. डोक्यावर पाटी घेऊन पाड्यावरून बाजाराला चालत येणाऱ्या बाईला चालण्याचे महत्त्व सांगू गेलो, तर तिने मला हसावे हेच योग्य.)

गिरणीची गावे पायांच्या हिशोबाने वसलेली असतात. भोंगा झाला की कामगाराला पाळीवर पोचायचे असे, त्यामुळे खोली, दुकान, देऊळ आणि शाळा सारे चालण्याच्या अंतरात. श्रीमंत प्रताप शेठ यांच्या प्रताप मिलने अमळनेरला असेच वाढवले. मिल केव्हाच बंद झाली, पण शेठजींनी उभे केलेले पुष्कळ काही पाहण्यासारखे आहे. कापडाच्या कमाईतून १९१६ साली त्यांनी चक्क तत्त्वज्ञान मंदिर काढले! प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची समाधी आहे. आजची विप्रो कंपनी १९४५ मध्ये इथेच वनस्पती तुपाच्या कारखान्याने सुरू झाली. याच प्रकारच्या तुपातील ट्रान्स फॅटवर सरकारने २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे, हे जाता जाता ध्यानात असू द्यावे.

एवढे पाहीपर्यंत तास-दीड तास कधी चाललात ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतपत दम लागावा. मधुमेह्यांनी मोजे घालून मळलेले जुने बूट वापरावेत, नवे नकोत. खिशात साखरेची पुडी असावी. छातीत दाबल्यासारखे वाटले तर तिथेच बसावे, ‘गॅस असेल’ म्हणून चालत राहू नये. सिकलसेलच्या पेशंटने भरपूर पाणी प्यावे आणि उन्हाचा तडाखा टाळावा. पण पाणी प्या असे बायकांना सांगताना माझी जीभ अडखळते. आपल्या गावांत त्यांच्यासाठी धड मुतारी नसते, म्हणून त्या पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीच्या जळजळीवर गोळ्या घ्यायला माझ्याकडे येतात. नगरपालिकांनी स्वागत कमानी थोड्या कमी उभारल्या तरी चालेल.

अशा गावात चहाच्या टपरीवर एखादा म्हातारा गिरणीकामगार भेटतोच. दोन वाक्ये बोलून खोकतो आणि लोक म्हणतात, ‘बिडी ओढली असेल आयुष्यभर.’ ओढली असेलही. पण तो कुठल्या खात्यात होता, हे त्याला विचारा. ब्लोरूम किंवा कार्डिंग खाते म्हणाला, तर त्याच्या छातीत नुसता बिडीचा धूर नाही, कापसाची धूळही आहे. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुरुवातीला त्याची खूण अगदी स्पष्ट असते. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर गेले की त्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो आणि पुढच्या दिवसांत बरे वाटते. गिरण्यांच्या मुलखात त्याला सोमवारचा ताप म्हणत, ताप असो वा नसो. या टप्प्यावर धुळीतून बाहेर काढले तर माणूस सुधारतो. वर्षानुवर्षे तसेच चालले की आठवड्याचे सगळे दिवस सोमवार होतात आणि मग आमच्या पंपांनी पूर्ववत काही होत नाही. बिडीने हे लवकर होते, म्हणून ती सोडाच. परंतु बिडीचे नाव पुढे करून मालकाने धुळीतून अंग काढून घ्यावे, हे मला मान्य नाही.

गिरण्या गेल्या म्हणून हा विषय संपला असे कोणी समजू नये. खानदेशात जिनिंग आहेत, सूतगिरण्या आहेत. तिथे हंगामी कामाला जाणारी पोरे आपल्याच पाड्यांवरची. नाकाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. ती यंत्रापाशीच ओढून घ्यावी लागते आणि तो खर्च मालकाचा आहे. व्यवसायजन्य रोगांच्या कायदेशीर यादीत हा आजार आहे. पण केसपेपरवर ‘जुनाट खोकला’ एवढेच लिहिले तर त्या यादीचा उपयोग काय? आम्हा डॉक्टरांनी वयाच्या शेजारी धंदाही लिहिला पाहिजे.

तुमच्या घरचा कोणी जिनिंगमध्ये असेल आणि त्याची छाती अशी भरत असेल, तर सुट्टी आहे म्हणून त्याला रविवारी आणू नका. त्या दिवशी छाती साफ वाजेल आणि आम्ही सिरप देऊन परत पाठवू. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी पाळी सुटल्यावर, अंगावरच्या कपड्यांनिशी आणा.